शंभरातून सात गेले

पाणी तिसऱ्यांदा जिन्यावरून वाहत तळमजल्यावरच्या राधाकृष्णरावांच्या उंबऱ्यात शिरलं, तेव्हा भीमराज भिंगारदिवे सरांना मान्य करावं लागलं, की हे प्रकरण आता पायपुसण्यांवर भागणार नाही.

नगरच्या सावेडीत त्यांच्या सोसायटीला एक दिवसाआड पाणी येतं, आणि तेही उजाडायच्या आत. सरांच्या आई भामाबाई यांचा जन्म गेला तिसगावला, म्हणजे पाणी जिथे देवासारखं, आहे म्हणतात पण दिसत नाही, अशा मुलखात. त्यामुळे दिसेल तो नळ उघडून पाहायचा ही त्यांची जन्माची सवय. पाणी नसलं की त्या नळ तसाच ठेवून पुढे जायच्या. मग पहाटे पाणी यायचं, मोरी तुंबायची, आणि राधाकृष्णरावांच्या चपला त्यांच्या आधी फिरायला निघायच्या.

"आई, नळ बंद का केला नाहीस?" सरांनी विचारलं.

"पानी न्हवतं म्हनून," भामाबाई म्हणाल्या. "नळ बंद केल्यावर पानी यायचं कुठनं?"

या उत्तरात नक्की चूक काय ते सरांना पटकन सांगता येईना. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला असं होणं बरं नाही. आणि नळ एकटा असता तर गोष्ट वेगळी. भामाबाईंना सकाळी जेवण झालेलं दुपारी आठवत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांनी राधाकृष्णरावांना दोनदा विचारलं होतं, "तुमी कोनाच्यातले?" राधाकृष्णराव वीज मंडळातून रिटायर झालेले, अकरा वर्षांचे शेजारी. त्यांनी दोन्ही वेळा कुळासकट पूर्ण माहिती दिली होती.

तेच राधाकृष्णराव हातात ओल्या चपला घेऊन वर आले आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "सर, राग मानू नका. मावशींची मेंदूची टेस्ट करून घ्या. माझीसुद्धा सुनेनं करवली. तीसपैकी सत्तावीस पडले."

हे सत्तावीस मार्क साऱ्या सोसायटीला पाठ होते. भाजीवाल्यालाही माहीत होते. राधाकृष्णरावांना दहावीला किती पडले होते हे मात्र आजवर कोणाला कळलेलं नाही.

त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या राजेश्वरीबाई आल्या. त्यांचं मत टेस्टच्या विरुद्ध. रोज पाच अक्रोड, कारण अक्रोड दिसायलाच मेंदूसारखा; रात्री नाकात गाईचं तूप; आणि डाव्या हाताने केस विंचरायचे, म्हणजे मेंदूची झोपलेली बाजू जागी होते. भामाबाईंना पुढचे दात नव्हते आणि त्यांना डाव्या हाताने वेणी जमेना. अक्रोड अखेर सरांनीच संपवले. त्याचा गुण आला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

टेस्टचं नाव काढल्यावर भामाबाई चिडतील अशी सरांची अटकळ होती. त्या चिडल्या नाहीत. पाय पसरून बसल्या होत्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "डाक्टर म्हनला डोकं धड हाय, तर मला तिसगावला नीऊन सोडशील?"

"तिथे एकटी?"

"एकटीच ऱ्हात हुते की. तिथं नळच न्हाई, हापसा हाय. हापसा इसरला तरी पानी सांडत न्हाई. मानसानं जोर लावल्याबिगर एक थेंब येत न्हाई. बोल, सोडशील का न्हाई?"

समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्या घरातल्या प्रत्येक पोराने दहावी-बारावीचा अभ्यास त्या तसबिरीखाली बसून केलेला. तिच्यासमोर खोटं बोलायची सोय नव्हती. सर म्हणाले, "सोडीन. पण पास व्हायला पाहिजे."

"मंग घे परीक्षा," भामाबाई म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, की आपलं जेवण झालं का.

आता इथे भिंगारदिवे सरांविषयी थोडं सांगितलं पाहिजे. सर हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण जिल्ह्यात त्यांची ओळख होती ती कॉपी पकडणारा माणूस म्हणून. दहावीच्या केंद्रावर सरांचं नाव लागलं, की आदल्या दिवशी गावातली झेरॉक्सची दुकानं लवकर बंद व्हायची. मोज्यातल्या, कंपासपेटीतल्या, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातातल्या चिठ्ठ्या सरांनी काढल्या होत्या. प्लास्टर खरं होतं, हे नंतर कळलं. आणि घरात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: या घरात आजवर कोणी नापास झालेलं नाही. मुलगा महेंद्र आज पुण्यात इंजिनियर आहे. त्याला नववीत गणितात बासष्ट पडले, तेव्हा हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं, की त्याने पुढे गणितात नव्वदीच्या खाली यायची हिंमत केली नाही.

तर अशा सरांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जिन्यात कोणी नाही असं पाहून, राधाकृष्णरावांचं दार वाजवलं.

"ते पेपरला काय काय होतं म्हणालात?"

राधाकृष्णरावांना सगळं आठवत होतं. सत्तावीस मार्क काय उगीच नाही. आजची तारीख आणि वार विचारतात. कुठल्या मजल्यावर आहोत ते विचारतात; दवाखाना दुसऱ्यावर, म्हणून उत्तर दुसरा. तीन शब्द देतात आणि थोड्या वेळाने परत म्हणायला लावतात. आंबा, खुर्ची, घंटा. शंभरातून सात, मग परत सात, परत सात, असं वजा करायला सांगतात. शेवटी मनाने एक वाक्य.

"आणि गावाचं नाव?" सरांनी विचारलं. "नगर म्हणायचं की अहिल्यानगर?"

यावर अर्धा तास गेला. उत्तरसूचीत काय असेल, जुनं नाव लिहिणाऱ्याचा मार्क कापतात का, दोन्ही सांगितलं तर गोंधळलेला समजतात का. अखेर मावशी जे म्हणतील ते म्हणू द्यावं असं ठरलं, कारण भामाबाई आजन्म "नगर"च म्हणत आल्या होत्या आणि त्यात बदल होण्यासारखी परिस्थिती नव्हती.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. सरांची पद्धत जुनी, घोकंपट्टीची. भामाबाई तसबिरीखाली मांडी घालून बसायच्या, सर समोर खुर्चीवर. "आंबा, खुर्ची, घंटा," सर म्हणायचे. "आंबा, खुर्ची, घंटा," भामाबाई म्हणायच्या, आणि मान हलवायच्या. वजाबाकी त्यांनी पाढ्याच्या चालीवर बसवली. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टर पाच पायऱ्यांवर थांबवतात असं राधाकृष्णरावांनी सांगितलं होतं, पण अर्धवट शिकवणं सरांच्या स्वभावात नाही. त्यांनी पाढा थेट दोनपर्यंत नेला. भामाबाईंना चाल आवडली. निवडलेली मेथी हातात घेऊन त्या सोळा, नऊ, दोन म्हणत फिरू लागल्या. आवाज खणखणीत होता. प्रौढ साक्षरता वर्गात सही शिकल्या, तेव्हापासून त्यांना असं कोणी काही शिकवलंच नव्हतं.

सरांच्या पत्नी यशोधराबाई जिल्हा परिषदेत नोकरीला. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. त्यांनी हे आठवडाभर पाहिलं आणि एके दिवशी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "अहो, आत्याबाई पास झाल्या तर त्यांना गावाला एकटं सोडावं लागेल. नापास झाल्या तर तुम्हाला झोप लागायची नाही. तुम्हाला नक्की काय हवंय?"

सर म्हणाले, "पोळी करपतेय."

पोळी करपत नव्हती. आई नापास झालेली त्यांना पाहवणार नव्हती आणि ती पास झालेली परवडणार नव्हती. अशा गणिताला काय करायचं हे कुठल्याही इयत्तेत नाही. म्हणून त्यांनी जे येत होतं ते चालू ठेवलं, शिकवत राहिले.

अपॉइंटमेंट बुधवारची होती. आठवडाभर आधीपासून सरांनी बुधवारची तारीख घोकवून घेतली. मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, की डॉक्टर बुधवारी नाहीत, शुक्रवारी या. सरांनी हात टेकले. पक्की झालेली तारीख पुसून नवी बसवायला दोन दिवस पुरणार नव्हते. त्यांनी रिसेप्शनच्या मुलीला, पेशंटची तयारी बुधवारची झालेली आहे, असं सांगून पाहिलं. तिने विचारलं, कसली तयारी? सरांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी यशोधराबाईंनी रजा टाकली. भामाबाईंनी धुवट पांढरं लुगडं नेसलं, तसबिरीला हात जोडले, सुनेने हातावर दही-साखर ठेवली. राधाकृष्णराव दारात उभे राहून म्हणाले, "घाबरू नका मावशी, पेपर सोपा आहे." भामाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून विचारलं, "तुमी कोनाच्यातले?"

दवाखान्यात पहिली अडचण रिसेप्शनवरच आली. कॉम्प्युटरला शिक्षण हवं होतं, आणि त्यात पदवीधर, बारावी, दहावी आणि निरक्षर एवढेच रकाने होते. मुलीने निरक्षरवर बोट नेलं. सरांच्या कपाळाची शीर उडाली. सही करणाऱ्या बाईला निरक्षर म्हणता येत नाही, असं त्यांनी नियमाच्या भाषेत समजावलं. मुलगी म्हणाली, सर, माझ्याकडे दुसरं बटण नाही. मागे रांग लागली. तेव्हा भामाबाई काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "लिव्ह बाई, एक ल्योक मास्तर केला." मुलीने ते बटण शोधून पाहिलं असावं, कारण ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होती.

दुसरी अडचण अशी, की लिफ्ट बंद होती. भामाबाईंचे गुडघे पाहून डॉक्टर धनश्री स्वतःच खाली आल्या आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत बसल्या. पस्तिशीच्या असतील, आवाज मऊ. सरांना हे सौजन्य फार आवडलं. त्यामुळे दुसऱ्या मजल्याचा अभ्यास पाण्यात गेला, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"आजी, आज वार कोणता?"

"बुदवार," भामाबाईंनी ठणकावून सांगितलं आणि तारीखही दिली. परवाची.

"आत्ता आपण कुठल्या मजल्यावर आहोत?"

"दुसऱ्या," भामाबाई म्हणाल्या. उघड्या खिडकीच्या गजावर एक शेळी तोंड घासत होती.

सरांनी घसा खाकरला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे पाहणं सरांच्या ओळखीचं होतं. बत्तीस वर्षं ते स्वतः मागच्या बाकांकडे असंच पाहत आले होते.

"आता मी तीन शब्द सांगते, ते ध्यानात ठेवायचे."

"आंबा, खुर्ची, घंटा," भामाबाई म्हणाल्या.

"मी अजून सांगितले नाहीत, आजी."

"तुमचा येळ वाचला."

यशोधराबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी मीठ, दोरी आणि चिमणी हे शब्द दिले आणि पुढचं विचारलं, "विसातून तीन गेले, किती राहिले?"

आणि इथे सरांना घाम फुटला. शाळा न शिकलेल्या माणसांसाठी पेपर वेगळा असतो, हे त्यांना राधाकृष्णरावांनी सांगितलं नव्हतं, कारण राधाकृष्णरावांना तो मिळालाच नव्हता. तीन आठवडे त्यांनी विद्यार्थ्याला भलत्याच पेपरची तयारी करून दिली होती.

"शंबर, त्र्यान्नव, शहाऐंशी," भामाबाईंनी चालीवर सुरुवात केली. डॉक्टरांनी हात वर केला, पण शेळीसुद्धा थांबून ऐकत होती. एकही चूक न करता भामाबाई सोळा, नऊ, दोनवर येऊन थांबल्या आणि त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून सरांनी नजर टेबलाकडे वळवली. आईला चौऱ्याहत्तर साली बाजारात विसातून तीन काढताना त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. भाजीचे पैसे ती त्यांच्याआधी सांगायची.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "पण विसातून तीन?"

भामाबाईंनी बोटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भीमा, हे तू सांगितलं न्हाईस."

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं आणि विचारलं, "बरं, तुमच्या घराबद्दल एखादं वाक्य सांगा."

"सूर्य पूर्वेला उगवतो."

"हे मास्तरांचं झालं. तुमच्या मनातलं सांगा."

भामाबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माजा भीमा सातवीत गनितात उडाला हुता."

भिंगारदिवे सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेळीनेही त्याच वेळी आत पाहिलं.

"काय सांगता," डॉक्टर म्हणाल्या.

"व्हय तर. दुष्काळ सरला त्याच्या पुढं-मागं. गुरुजी म्हनले, पोराला खडी फोडायला लावा, ह्याच्या डोक्यात गनित न्हाई. हा दान्याच्या कनगीमागं लपून रडत हुता. मी म्हनलं, रडतो कशाला, परत बस. हा म्हनला, परत उडलो तर? मी म्हनलं, तू बस, मी हाय हितं. मंग रोज रातच्याला चिमनीच्या उजेडात ह्यो आकडं मांडायचा आन् मी बाजूला बसायची. मला काय कळत न्हवतं, पन बसायची. दुसऱ्या साली पास झाला."

यशोधराबाई नवऱ्याकडे वळल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. "महेंद्रला बासष्ट पडले तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सरांना जास्त लागला.

"आता मघाचे तीन शब्द सांगा, आजी."

"आंबा, खुर्ची, घंटा," भामाबाई म्हणाल्या.

यशोधराबाई सासूला चहा घ्यायला बाहेर घेऊन गेल्या आणि डॉक्टर सरांशी बोलल्या. रक्ताच्या तपासण्या करू, डोक्याचा स्कॅन करू, कधी कधी साधं कारणही निघतं. पण नवीन गोष्ट आत टिकत नाही असं दिसतंय. जुनं आहे, ओळखीचं आहे, रोजचं आहे ते राहील, काही दिवस चांगलं राहील. एकटं मात्र ठेवू नका.

"तिला गावाला जायचंय," सर म्हणाले.

"जाऊ द्या की. ओळखीच्या घरात त्या बऱ्याच राहतील. मी एकटं म्हणाले, गाव नाही म्हणाले." मग त्यांनी पेन बंद केलं. "सहा महिन्यांनी परत आणा. आणि सर, तेव्हा शिकवून आणू नका."

सर मान खाली घालून हो म्हणाले. आयुष्यात त्यांनी शेकडो पोरांना ही मान खाली घालायला लावली होती. ती किती जड असते हे त्यांना आज कळलं.

रिक्षात भामाबाईंनी विचारलं, "झाले का रं पास?" सरांनी निकाल सांगायला तोंड उघडलं. बत्तीस वर्षं निकालच सांगत आलेला माणूस. पण नापास हा शब्द काही केल्या बाहेर येईना. शेवटी यशोधराबाईच म्हणाल्या, "झालात, आत्याबाई. तुमचा मुलगा तुम्हाला तिसगावला सोडतोय." आणि सरांकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "सोडा आणि तिथेच राहा. रिटायर माणूस तुम्ही, इथे नळाला पहाराच देता ना? मी शनिवार-रविवार येत जाईन. दीड वर्षाचा तर प्रश्न आहे."

"लोक काय म्हणतील?"

"सातवीत उडालात तेव्हा काय म्हणाले होते?"

सरांनी रिक्षावाल्याला तिसगावच्या गाडीची वेळ विचारली.

राधाकृष्णरावांनी बस स्टँडपर्यंत सोबत केली आणि मार्क किती पडले ते तीनदा विचारलं. सर म्हणाले, पेपर वेगळा होता. ते खरंच होतं.

करंजीचा घाट ओलांडल्यावर भामाबाई खिडकीशी सरकून बसल्या. तिसगावात उतरल्यावर कोणाला न विचारता, लेकाच्या पुढे चालत घरी गेल्या. कुलूप काढायच्या आधीच कुठली फरशी हलते ते त्यांनी सांगितलं, आणि ती हलत होती. चुलीमागच्या फडताळात कुठे काय आहे ते त्यांना हाताला कळायचं. सरांना मात्र काडेपेटी रोज नव्याने शोधावी लागायची. हापशाने पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तळव्यांना फोड आणले. वाटेने जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. हेडमास्तर पाणी हापसतोय हा देखावा गावाला महिनाभर पुरला. भामाबाईंचं म्हणणं खरं ठरलं. पाणी काही सांडलं नाही.

रोज सकाळी दोघं ओट्यावर चहा घेऊन बसतात. आणि रोज सकाळी, कप निम्मा झाला की, भामाबाई विचारतात, "भीमा, माजी परीक्षा कवा हाय?"

पहिल्या दिवशी सरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही. पुढे त्यांनी समजावणं सोडलं.

"झाली, आई. पास झालीस तू."

"मंग मी गावाला आले. बरुबर हाय. पन तू कशापायी हितं बसलाईस? तुला शाळा न्हाई का?"

सरांनी कप खाली ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर त्या एका वाक्यावर घर चालवलं, त्याला हे म्हणायला जड जायला हवं होतं. जड गेलं नाही.

"मी नापास झालोय, आई. परत बसायला सांगितलंय."

भामाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. उजेडात डोळे बारीक करून नीट पाहिलं, आणि त्यांना सगळं आठवल्यासारखं झालं.

"गनितातच उडाला असशील," त्या म्हणाल्या. मग सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली. "बस मंग. रडतो कशाला? मी हाय हितं."